पापडीची पतपेढी

केळीची बाग लावली की पहिला घड हाती यायला वर्षभराचा काळ जातो. त्या वर्षात मुनवे आणायचे, शेणखत टाकायचे, बावखलातले, म्हणजे बागेतल्या तळ्यातले, पाणी रहाटाने उपसायचे, मजुरांची मजुरी चुकवायची, घरची चूल पेटती ठेवायची आणि मध्येच एखादे लग्न निघाले तर तेही उरकायचे. पैसा आज जातो आणि पुढच्या साली परत येतो. राजेळी केळ्यांची सुकेळी करणाऱ्यांचे चक्र तर त्याहून लांब. घड पिकवायचे, केळी सोलून मांडवावर कित्येक दिवस उन्हात वाळवायची, रोज संध्याकाळी झाकायची, सकाळी पुन्हा उघडायची आणि शेवटी केळीच्याच सुक्या पानांत घट्ट बांधून ठेवायची. तोपर्यंत विक्रीचा रुपयासुद्धा दिसत नाही.

वसईचा बागायतदार दरिद्री नव्हता. जमीन कसदार, बावखलांचे पाणी गोडे आणि १८६७ पासून विरारहून मुंबईला जाणारी गाडी दाराशी. अडचण होती ती मधल्या महिन्यांची. ती भागवायला दोघे जण नेहमी तयार असत. एक गावातला सावकार आणि दुसरा मुंबईच्या बाजारातला दलाल. सावकार व्याज लावी आणि जमिनीचा कागद पेटीत ठेवी. दलाल व्याजाचे नाव काढत नसे. तो उचल देई, आणि मग माल त्याच्याच गाळ्यावर उतरवायचा, तो म्हणेल त्या भावाने. दोघांतला कोण महाग पडे, याचा हिशेब कागदावर मांडणे बागायतदाराला कधी जमले नाही, कारण उचलीचे व्याज भावाच्या पोटात दडलेले असे. माझ्या मते दलालच अधिक महाग पडत असावा. सावकाराचे देणे निदान मोजता येत होते.

या पार्श्वभूमीवर १९१८ मध्ये वसईतल्या पापडीला एक पतपेढी निघाली. तिचे संस्थापक मॉन्सिनिअर पी. जे. मोनिस, म्हणजे एक धर्मगुरू. सभासद होते आसपासच्या गावांतले कॅथॉलिक. वसईत हा समाज मोठा, मराठी बोलणारा, पोर्तुगीज राजवटीत ख्रिस्ती झालेला आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतल्यावरही इथेच शेती-बागायत करत राहिलेला. त्या पतपेढीची पुढे बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक झाली. तिची मुख्य कचेरी आजही पापडी नाक्यावर आहे. रिझर्व्ह बँकेच्या अनुसूचित बँकांच्या यादीत तिचे नाव आहे, आणि २०१८ मध्ये तिने शंभरी गाठली.

धर्मगुरूने पतपेढी काढावी हे आज चमत्कारिक वाटेल, पण त्या काळात ही वाट मळलेली होती. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये श्रमिकांच्या प्रश्नावर परिपत्रक काढले, तेव्हापासून युरोपातल्या खेड्यापाड्यांतले पाद्री पतसंस्था आणि मजूरसंघ उभारण्यात गुंतले होते. भारतातही रांचीकडे हॉफमन या येशूसंघीय धर्मगुरूंनी १९०९ मध्ये छोटा नागपूरच्या आदिवासी ख्रिस्ती शेतकऱ्यांसाठी सहकारी पतसंस्था सुरू केली होती. कारण तिथेही तेच होते. सावकाराच्या कर्जापायी जमिनी जात होत्या.

सरकारला मात्र ही जाग दंग्यांनी आली. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि दस्तऐवज जाळले, आणि तो वणवा पुणे-नगर भागात पसरला. चौकशी आयोग बसला, १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. पण नुसता सावकाराला आळा घालून भागत नाही, कारण शेतकऱ्याची गरज तशीच राहते. सावकाराच्या जागी कोण, या प्रश्नाला उत्तर मिळाले जर्मनीत. राइफायझन नावाच्या एका गावप्रमुखाने तिथे एक साधी युक्ती काढली होती. गावातल्या लोकांनीच एकत्र येऊन पैसे जमवायचे, एकमेकांना द्यायचे आणि बुडाले तर सगळ्यांनी मिळून भरायचे. निकल्सन या मद्रासच्या अधिकाऱ्याने या पद्धतीचा अभ्यास करून अहवाल दिला आणि १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला.

सरकारी कायदा येण्याआधीच बडोद्यात १८८९ मध्ये विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी अन्योन्य सहकारी मंडळी काढली होती, हे मराठी माणसाने विसरू नये. कायदा आल्यावर तर रांगच लागली. १९०६ मध्ये पुण्यात कॉसमॉस आणि मुंबईत शामराव विठ्ठल, १९११ मध्ये लल्लूभाई सामळदास आणि विठ्ठलदास ठाकरसी यांच्या पुढाकाराने मुंबईची मध्यवर्ती सहकारी बँक, १९१८ मध्ये सारस्वत. सारस्वत आणि पापडीची पतपेढी एकाच सालच्या. ते सालही साधे नव्हते. महायुद्धाने भाव चढवले, पाऊस दगा देऊन गेला आणि इन्फ्लुएन्झाच्या साथीने मुंबई इलाख्यात लाखो माणसे नेली. अशा वर्षी लोक पैसे एकत्र ठेवायला पुढे आले, यावरून त्यांची गरज किती होती ते कळते.

आता या यादीकडे पुन्हा पाहा. शामराव विठ्ठल, सारस्वत, बॅसीन कॅथॉलिक, पुढे १९२० मधली मुंबईची कॅथॉलिक पतसंस्था, जी आज सिटिझनक्रेडिट नावाने चालते. अनेक जुन्या नागरी बँकांची मुळे एकेका समाजात आहेत. आज कोणी याला जातीयता म्हणेल. आरोप अगदी खोटा नाही, पण अपुरा आहे. सहकारी पतपेढीला कर्ज देताना एकच प्रश्न सोडवायचा असतो. हा माणूस पैसे परत करील का? १९१८ मध्ये या प्रश्नाचे उत्तर देणारे कागद नव्हते. पगारपत्रक नव्हते, आयकर विवरण नव्हते, पतमानांकन तर स्वप्नातही नव्हते. होती ती माणसांना असलेली माहिती. पॅरिशमध्ये बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या आणि मृत्यूच्या नोंदी धर्मगुरूच्या वहीत असत. कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाचा भाऊ वेगळा निघाला, कोण दारूत पैसा घालवतो, कोणाची विहीर आटली, हे रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या अंगणात आपोआप कळे. ही माहिती सावकारालाही होती. फरक इतकाच की सावकार ती पिळण्यासाठी वापरी आणि पतपेढी ती कर्ज देण्यासाठी.

या व्यवस्थेचे खरे यंत्र म्हणजे जामीनदार. कर्जाचा अर्ज कोणत्याही पतपेढीत जवळजवळ सारखाच असे. नाव, गाव, जमीन किती, कर्ज कशासाठी, फेडणार कशातून आणि खाली जामीनदारांच्या सह्या. ही शेवटची ओळ सगळ्यात जड. सही करणारा सहसा शेजारी, चुलत भाऊ नाहीतर व्याही असे. हप्ता थकला की नोटीस त्याच्याही घरी जाई. मग वसुली अधिकाऱ्याच्या आधी जामीनदारच कर्जदाराच्या ओटीवर जाऊन बसे आणि घरातल्या बायकांच्या देखत विषय काढी. या लाजेपोटी कित्येक कर्जे वेळेवर फिटली. पुस्तकी भाषेत याला सामाजिक तारण म्हणतात. प्रत्यक्षात ते बरेच कडू असते. जामीन राहण्यावरून तुटलेली सोयरीक नाही असे गाव सापडणे कठीण.

आणि ज्याला जामीनदारच मिळत नाही त्याचे काय? वसई तालुक्याच्या पूर्व भागात, महामार्गापलीकडे वारली आणि कातकरी पाडे आहेत. त्यांच्याकडे ना बागायत, ना पॅरिशची वही, ना सही करू शकणारा सुस्थितीतला व्याही. समाजाच्या पायावर उभी राहिलेली पतपेढी आतल्याला हात देते, तशीच बाहेरच्याला बाहेर ठेवते. हे एकट्या पापडीचे वैगुण्य नव्हे, सबंध चळवळीचे आहे, आणि सहकाराच्या गौरवग्रंथांतून ते सोयिस्करपणे गाळले जाते. न्यायालयाने मात्र या रचनेला नाकारलेले नाही. पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका समाजापुरते ठेवणारा पोटनियम वैध मानला. बँकांनी यातून वेगळी वाट काढली आहे. ठेव कोणाचीही घेता येते, आणि कर्जासाठी बाहेरच्या माणसाला नाममात्र सभासद करून घेता येते. त्याला कर्ज मिळते, मत मिळत नाही.

सहकारी बँकेची बाकीची रचना थोडक्यात सांगायला हवी, कारण पुढचे सगळे नाट्य तिच्याभोवती फिरते. कंपनीत ज्याचे शेअर जास्त त्याची मते जास्त. सहकारी बँकेत एका सभासदाला एकच मत, मग त्याचे भाग दहा असोत की दहा हजार. लाभांशाला कायद्याने मर्यादा आहे, महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकार कायद्यात ती १५ टक्क्यांची. कर्ज घेताना सभासदाला कर्जाच्या प्रमाणात भाग घ्यावे लागत, तारण असेल तर अडीच टक्के, नसेल तर पाच. म्हणजे जो कर्जदार, तोच मालक, आणि संचालक निवडून देणाराही तोच. यात लोकशाही आहे आणि धोकाही. ज्याला कर्ज हवे आहे त्याच्याच मतावर कर्ज मंजूर करणारा निवडून येतो. म्हणून १ मार्च १९६६ पासून बँकिंग कायदा सहकारी बँकांना लागू झाला आणि दोन मालकांचा संसार सुरू झाला. संस्था म्हणून निबंधक, बँक म्हणून रिझर्व्ह बँक. कोणत्याही संस्थेत गडबड झाली की हे दोघे एकमेकांकडे बोट दाखवत, आणि ठेवीदार मधल्या मध्ये.

आता पुन्हा वसईत येऊ. विसाव्या शतकाच्या मध्यावर इथे रहाट जाऊन तेलाची एंजिने आली, मग विजेच्या मोटारी. पंपासाठी कर्ज देणे कोणत्याही पतपेढीला आवडावे असे काम. यंत्र डोळ्यांना दिसते, त्यातून उत्पन्न वाढते, हप्ता येतो. पण प्रत्येकाने पंप बसवला की जमिनीखालचे गोडे पाणी सगळ्यांचे मिळून संपते. समुद्रालगतच्या गावांत विहिरी खाऱ्या होऊ लागल्या. पुढे टँकरने पाणी मुंबईच्या उपनगरांकडे आणि नव्या इमारतींकडे जाऊ लागले, तेव्हा तर हाहाकार झाला. प्रत्येक कर्ज चांगले असूनही सगळ्यांची बेरीज वाईट होऊ शकते, हे एकेका अर्जावर निर्णय घेणाऱ्या कर्ज समितीला दिसत नाही. तिला ते दिसावे अशी अपेक्षा करणेही कदाचित अन्यायाचे आहे.

१९८८ मध्ये वसईच्या हरित पट्ट्यातली हजारो हेक्टर जमीन बांधकामाला खुली करण्याचा निर्णय झाला. त्याविरुद्ध हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सोबत्यांनी गावोगावच्या लोकांना रस्त्यावर आणले. दिब्रिटो पुढे उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, त्यामुळे बाकीचा महाराष्ट्र त्यांना साहित्यिक म्हणून ओळखतो. वसईकर त्यांना आधी या लढ्यामुळे ओळखतात. पश्चिमेची काही गावे वाचली. नालासोपारा, विरार, नवघर-माणिकपूर इथे मात्र इमारती उगवल्या. चार नगरपरिषदा आणि ५३ ग्रामपंचायती एकत्र करून ३ जुलै २००९ रोजी महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांच्या वर भरली.

स्थानिक बँकेच्या दृष्टीने याचा अर्थ काय? बाग विकली की एकरकमी पैसा येतो आणि तो बँकेत जातो. ज्या घराला पूर्वी वर्षभर कर्ज लागे, तेच घर आता ठेवीदार झाले. बँकेकडे पैसा साठला, पण तो मागणारा जुना बागायतदार राहिला नाही. नवा कर्जदार आला तो मुंबईच्या चाळीतून उठून नालासोपाऱ्यात फ्लॅट घेणारा, रिक्षा किंवा टेम्पो घेणारा, गाळा थाटणारा. या माणसाला इथे कोणी ओळखत नाही. तो कोकणातला असेल, खानदेशातला असेल, उत्तर प्रदेशातला असेल. त्याच्या जामीनदाराच्या ओटीवर जाऊन बसता येत नाही, कारण त्याला ओटीच नाही. वसईत आता मुख्य कचेरी असलेल्या नागरी बँकाही एकाहून अधिक झाल्या होत्या. बॅसीन कॅथॉलिकबरोबर वसई विकास आणि वसई जनता या सहकारी बँकाही याच गिऱ्हाइकासाठी स्पर्धेत होत्या.

मग माहितीची जागा कागदाने घेतली. सात-बारा, फेरफार, बिनशेती परवानगी, बांधकाम परवाना, भोगवटा दाखला, सोसायटीची नोंदणी, पगारपत्रक. वसई-विरारमध्ये या यादीतला एकेक कागद म्हणजे एकेक सापळा आहे. नालासोपारा पूर्वेला अग्रवाल नगरी परिसरात डम्पिंग ग्राउंड आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव असलेल्या जागेवर ४१ इमारती उभ्या राहिल्या. लोक तिथे वर्षानुवर्षे राहिले. उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२४ अखेर आणि २०२५ च्या सुरुवातीला त्या पाडल्या गेल्या. अशा इमारतीतला फ्लॅट तारण घेणाऱ्याच्या हाती शेवटी मलबा उरतो. त्यामुळे इथल्या बँकेच्या वकिलाचा मालकीहक्काचा शोध अहवाल हा कर्ज समितीच्या शहाणपणाहून मोलाचा झाला. मला विचाराल तर या शहरात बँकेची परीक्षा तिने किती कर्ज दिले यापेक्षा किती अर्ज परत पाठवले यावर घ्यायला हवी.

कागद आणि ओळख दोन्ही असूनही काय होऊ शकते, हे सबंध देशाने २०१९ मध्ये पाहिले. २३ सप्टेंबरला रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले. ठेवीदाराला सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढता येतील, असा पहिला आदेश होता. बँकेच्या सुमारे ११,६०० कोटींच्या ठेवी अडकल्या. चौकशीत निघाले की एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाला जवळजवळ तीन चतुर्थांश कर्ज गेले होते, आणि ते लपवण्यासाठी २१,०४९ बनावट खाती दाखवली होती. हा समूह वसई-विरार पट्ट्यातही मोठाच बिल्डर होता, त्यामुळे इथल्या माणसाला ही बातमी दूरची वाटली नाही. इथेही ओळख होतीच, व्यवस्थापन आणि बिल्डर यांच्यात अनेक वर्षांची. पण शेजाऱ्याच्या ओळखीत सगळा गाव साक्षीला असतो, ही ओळख बंद दाराआडची होती. ती बँक शेवटी जानेवारी २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. मोठ्या रकमांच्या ठेवीदारांना पैसे अनेक वर्षांत हप्त्याहप्त्याने मिळण्याची वाट पाहावी लागली.

त्या फटक्यानंतर नियम झपाट्याने बदलले. २०२० मध्ये बँकिंग कायद्यात दुरुस्ती होऊन संचालक मंडळापासून विलीनीकरणापर्यंत रिझर्व्ह बँकेचा हात पोहोचला. एका कर्जदाराला बँकेच्या मूळ भांडवलाच्या १५ टक्क्यांपर्यंत आणि एका समूहाला २५ टक्क्यांपर्यंतच कर्ज, अशी मर्यादा आली, आणि निम्मी कर्जे लहान रकमांचीच असावीत असेही ठरले. २०२२ मध्ये ठेवींच्या आकाराप्रमाणे चार स्तर केले गेले. शंभर कोटींपर्यंतच्या बँका पहिल्या स्तरात, दहा हजार कोटींवरच्या चौथ्यात. पहिला स्तर सोडला तर बाकीच्यांना भांडवल पर्याप्तता १२ टक्के ठेवावी लागते. आज देशातल्या सुमारे दीड हजार नागरी सहकारी बँकांपैकी जवळपास एक तृतीयांश महाराष्ट्रात आहेत. कागदाची ही कडक चाळणी लहान बँकांना जड जाते, आणि काही ठिकाणी ती खरोखर निरर्थकही आहे. तरी पूर्वीचा ढिलेपणा परत यावा असे म्हणणारा ठेवीदार भेटणार नाही.

पापडीच्या पतपेढीला इथवर आणण्यात तिच्या सावधपणाचा वाटा मोठा, असे मला वाटते. शंभर वर्षे बागायतदारांत काढलेल्या संस्थेला पीक बुडणे म्हणजे काय ते ठाऊक असते. शंभरी ओलांडणे हे सहकारात सोपे नाही. महाराष्ट्रात कित्येक नावाजलेल्या बँकांच्या पाट्या उतरल्या, त्यांत चांगल्या माणसांनी काढलेल्याही होत्या.

ज्यांची ठेव वसईतल्या किंवा कुठल्याही गावच्या सहकारी बँकेत आहे, त्यांनी वार्षिक अहवालातली तीन पाने तरी वाचावीत. निव्वळ अनुत्पादक कर्जाचे प्रमाण, भांडवल पर्याप्तता आणि लेखापरीक्षकाने दिलेला वर्ग. सभासद असाल तर सर्वसाधारण सभेला जा आणि सगळ्यात मोठ्या वीस कर्जदारांकडे मिळून किती रक्कम आहे, हे उभे राहून विचारा. आणि ठेव विम्याची मर्यादा लक्षात ठेवा. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती ५ लाख रुपये आहे, व्याज धरून, आणि एका बँकेच्या सगळ्या शाखांमधल्या तुमच्या नावावरच्या सगळ्या खात्यांची बेरीज करून.